पेंढ्याचं वासरू

वृषालीताईंनी नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि नेमकी त्याच वेळी त्यांच्या दंडावरची टिकली थरथरली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. देव जेवत असताना मधेच उठणं त्यांना जमत नसे, मग हाक मारणारं माणूस असो की यंत्र. पण शेजारच्या खोलीत मुलाचा फोन वाजला आणि पाठोपाठ मुलगाच दारात येऊन उभा राहिला.

"आई, परत लाल."

"कळलं रे. नैवेद्य होऊ दे."

सोहम थांबला, पण नुसता थांबला एवढंच. चुळबुळ करत, फोनचा पडदा वरखाली सरकवत. वृषालीताईंनी नमस्कार केला, ताटातली पहिली पोळी उचलून पानात बांधली आणि पिशवीत ठेवली. रामाच्या देवळासमोर हौसाक्का आपली गाय घेऊन बसत असे. पहिली पोळी त्या गाईची. सांगलीत लग्न होऊन आल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता.

"लोह ठीक आहे, कॅल्शियम ठीक आहे, प्रथिनंही आहेत. फक्त बी-ट्वेल्व्ह. दर आठवड्याला आणखी खाली," सोहम म्हणाला. "थेंब घेतेस ना तू?"

"रोज. बाटली बघ, निम्मी संपली."

"तेच तर! बाटली संपतेय आणि आकडा उतरतोय. म्हणजे तुला ते थेंब लागू पडत नाहीत. दूध सुरू कर, आई. एक पेला. औषध म्हणून."

"नाही."

वृषालीताईंचा आवाज असा की शेजारच्या खोलीत ऐकू जायचा नाही. पण त्यांचं 'नाही' घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. कारण ते एकदाच येत असे आणि मग तिथेच बसून राहत असे.

टिकली म्हणजे कपाळावरची नव्हे. सरकारी कागदात तिचं नाव 'पोषणदर्शक' होतं, पण आकार टिकलीचा, चिकटायचीही टिकलीसारखी, मग लोक दुसरं काय म्हणणार? आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. त्या रक्तापर्यंत पोचत नाहीत, कातडीखालच्या ओलाव्यात टेकून राहतात आणि माणूस चालता-बोलता असताना त्याच्या अंगात काय आहे, काय नाही ते वाचत राहतात. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला आरोग्यविम्यासाठी ती लावावीच लागे. त्यातून भलंही झालं होतं. म्हातारी माणसं चहा-बिस्किटांवर दिवस काढत आणि पडून हाडं मोडून घेत, ते पुष्कळ कमी झालं होतं. पण एक गोष्ट कायद्यात हळूच शिरली होती. टिकली फार दिवस लाल राहिली, तर घरातल्या एका सज्ञान माणसाला 'आहारपालक' होता येई. मग त्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटावर त्याचा स्वतःचा हक्क राहत नसे.

सून मृण्मयी डबा भरता भरता म्हणाली, "आईंनी नाचणी, तीळ, राजगिरा, मटकी सगळं पुस्तकं वाचून बसवलंय. आमटीवर लिंबू पिळतात, जेवणावर लगेच चहा घेत नाहीत, लोह मुरावं म्हणून. आणि तू काल रात्री काय खाल्लंस रे? वडापाव आणि वर ॲसिडिटीची गोळी."

"माझा विषय नाहीये इथे."

"हो, तुझा विषय कधीच नसतो."

*

दूध सुटलं त्याला कारण झालं ते एक वासरू.

मागच्या वसुबारसेला वृषालीताई तासगाव रस्त्यावरच्या एका मोठ्या गोठ्यावर पूजेला गेल्या होत्या. गावात सवत्स धेनू आता दिसते कुठे? गोठ्याने पूजेची सोय ठेवली होती. मांडव, रांग, सनईची ध्वनिफीत. गाय देखणी होती, शिंगांना गोंडे बांधलेले. पायाशी तिचं वासरू. वृषालीताईंनी गाईच्या पायांवर पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं, मग वाकून वासराच्या कपाळाला बोट लावलं.

कपाळ गार होतं.

त्यांनी हात तसाच ठेवला. कातडी खरी होती, केस खरे होते, डोळे मात्र काचेचे. आत पेंढा भरलेला. त्या बोट मागे घेतात तोच गाय मान वळवून त्या कातडीला चाटू लागली. सावकाश, मायेने, मानेपासून पाठीपर्यंत.

"काकू, वासरू जवळ दिसलं की पान्हा सोडती ती," गोठ्याचा व्यवस्थापक कौतुकाने सांगत होता. "यंत्राला जे जमंना ते ह्यानं होतंय बघा."

"आणि खरं वासरू?"

"ती वेगळीकडं असत्यात."

"कुठे?"

"वेगळीकडं," तो म्हणाला आणि मागच्या बाईला पुढे बोलावू लागला.

वसुबारसेला बायका दूध-तूप खात नाहीत. आजच्या दिवशी ते वासराचं, म्हणून. वृषालीताईंनी लहानपणापासून हा एक दिवसाचा नेम पाळला होता. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, देवापुढे बसल्या आणि मनाशी म्हणाल्या, दूध आज वासराचं असेल, तर उद्याही त्याचंच असेल. हा नेम मी आता सोडत नाही.

दही गेलं, तूप गेलं, चहातलं दूध गेलं. पंचामृत नारळाच्या दुधाचं झालं. भिशीतल्या बायका म्हणाल्या, "वृषाली, आता हवेवर राहणार का?" त्या हसल्या आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली.

मिरजेच्या डॉक्टर समीना मुजावर मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी नीट समजावलं होतं. "काकू, बाकी सगळं तुम्हाला जमिनीतून मिळेल, पण बी-ट्वेल्व्ह नाही. ते झाडंही बनवत नाहीत आणि प्राणीही नाहीत. ते फक्त जंतू बनवतात. गाईच्या पोटात ते जंतू राहतात, म्हणून दुधात येतं. आता तेच जंतू कारखान्यात पिंपात वाढवतात आणि हे थेंब काढतात. गाय मधे येतच नाही. पण थेंब चुकवायचे नाहीत. ते कमी पडले तर हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, आणि फार उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. अन्नावर घाला, जिभेवर घाला, पण रोज पोटात गेले पाहिजेत."

"रोज जातील," वृषालीताई म्हणाल्या होत्या. नेम कसा पाळायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तरी टिकली लाल होत गेली.

*

सोहम आहारपालक झाला, त्याचा काही समारंभ झाला नाही. त्याने फोनवर अंगठा टेकवला आणि स्वयंपाकघरातल्या यंत्राने मंजूळ आवाजात सांगितलं, "वृषाली तगारे यांचं ताट आता सोहम तगारे यांच्या देखरेखीखाली."

ते यंत्र कणीक मळे, पोळ्या लाटे, भाजे, मापून वाढे. आजवर नैवेद्याची पोळी वृषालीताई हाताने करत, बाकीच्या यंत्र करी. आता तव्याखालची शेगडीही त्यांच्या बोटांना पेटेना.

"देवाची पोळीसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"यंत्र करेल ना. तू फक्त थेंब घाल आणि नैवेद्य दाखव." मग तो खुर्ची ओढून समोर बसला. "आई, बाबांच्या वेळी मी गप्प बसलो. ते म्हणायचे काही होत नाही, आणि मी म्हणायचो, त्यांचं शरीर, त्यांची मर्जी. साखर वाढत गेली, पाय गेला, मग तेच गेले. परत मी गप्प बसणार नाही. तू माझ्यावर रुसलीस तरी चालेल."

त्याचे डोळे भरले होते. वृषालीताईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. "रुसत नाही. पण दूध घेणार नाही, हे लक्षात ठेव."

"ठेवलं," तो म्हणाला.

आणि मग, काही आठवड्यांत, आकडा चढू लागला. लालाचा केशरी झाला, केशरीचा हिरवा. सोहमने पेढे आणले, जीभ चावली आणि आईपुढे चिक्की ठेवली. वृषालीताईंनी देवापुढे निरांजन लावलं. थेंब लागू पडले होते. नेम टिकला होता. हौसाक्काच्या गाईला त्या दिवशी पोळीबरोबर गुळाचा खडाही मिळाला.

*

"काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?" डॉक्टर मुजावरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "दूध परत कधी सुरू केलंत?"

"मी? नाही हो. थेंबांनी आलंय ते."

डॉक्टर पडद्याजवळ सरकल्या. मग त्यांनी एका रेषेवर बोट ठेवलं. "ही रेघ टिकलीच्या रोजच्या अहवालात दाखवत नाहीत, तपासणीला आल्यावरच आम्ही उघडतो. दुधाच्या सायीत एक मेद असतो. पंधरा कार्बनांची साखळी असलेला. गाईच्या पोटातलेच जंतू तो बनवतात. तिळात, शेंगदाण्यात तो जवळजवळ नसतोच. अंगात तो चढला, म्हणजे माणसाने दुधातला मेद खाल्ला. बघा, इथपर्यंत रेघ तळाशी. आणि इथून वर."

रेघ जिथून वर उचलली होती, तो दिवस वृषालीताईंना माहीत होता. त्या दिवशी सोहमने फोनवर अंगठा टेकवला होता.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मला आणखी एक कळत नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "त्याआधी थेंब का लागू पडले नाहीत? तुम्ही नक्की कसे घेता, मला करून दाखवा."

वृषालीताईंनी हवेतच पोळी तव्यावरून काढली. "पहिली पोळी उतरली की मधोमध थेंब घालायचे. देवाला दाखवल्याशिवाय मी काहीच तोंडात घालत नाही ना, म्हणून पहिलीवरच. मग नैवेद्य. मग ती पोळी पानात बांधायची आणि..."

हात हवेत थांबला.

"आणि?"

"आणि गाईला द्यायची," वृषालीताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले, पण हसू आवरलं नाही. "म्हणजे इतके महिने... काकू, गाईच्या तर पोटातच ते बनतं ओ!"

वृषालीताईही हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते फक्त पाणीच उरलं.

*

घरी आल्या त्या सरळ यंत्रासमोर उभ्या राहिल्या. पिठाच्या भांड्याशेजारी एक डबा खाली आत बसवलेला होता. त्यांनी तो ओढून काढला, बोट बुडवून वास घेतला. दुधाची भुकटी. गोडसर, ओळखीचा वास.

सोहम कामावरून आला तेव्हा डबा टेबलावर होता.

"बस," त्या म्हणाल्या. "यंत्राने मला एकदाही कसं नाही सांगितलं? मी रोज विचारत होते, पोळीत काय आहे. ते म्हणायचं, कणीक, मीठ, पाणी."

सोहम खाली बघत म्हणाला, "तशी एक सोय असते. 'खाणाऱ्याला सांगू नये' अशी."

"कुणासाठी असते ती?"

मृण्मयी दारात उभी होती. ती म्हणाली, "सांग ना. मलाही ऐकू दे."

"ज्यांना... ज्यांचं डोकं चालत नाही आता. स्मृती गेलेल्यांसाठी."

वृषालीताईंनी डबा त्याच्यापुढे सरकवला.

"आई, तू मरत होतीस!" सोहम एकदम ओरडला. "थेंब चालत नव्हते! मी काय करायला हवं होतं? नेम मोठा की तू?"

"आधी माझी चूक ऐक," वृषालीताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, शेजारी ऐकू न जाणारा. त्यांनी पहिल्या पोळीची गोष्ट सांगितली, काही लपवलं नाही. मृण्मयीने तोंडावर हात धरला. "चूक माझी होती आणि तुझी भीती खरी होती. तू माझ्यासमोर बसून विचारलं असतंस, 'आई, थेंब घालून दाखव,' तर त्या दिवशीच उलगडा झाला असता. पण तू विचारलं नाहीस. तू मला चकवलंस."

"तुझ्या भल्यासाठीच."

"त्या गोठ्यातला माणूसही तेच म्हणेल. गाईला पेंढ्याचं वासरू दाखवून त्याने दूध काढलं. तू मला हिरवा दिवा दाखवून दूध पाजलंस. मी देवापुढे निरांजन लावलं रे त्यासाठी."

सोहमने तोंड दोन्ही हातांत झाकलं.

"आता ते पालकपण काढ," त्या म्हणाल्या.

"नाही. आधी महिनाभर थेंबांवर हिरवं राहू दे, मग काढतो."

"बरं."

त्या उठल्या. माळ्यावरून जुना पितळी स्टोव्ह काढला, रॉकेल मिळेना म्हणून तो परत ठेवला, मृण्मयीकडून विजेची छोटी शेगडी घेतली, जी ती सहलीला नेत असे, आणि गच्चीच्या दाराशी मांडली. त्या दिवसापासून वृषालीताईंनी यंत्राचं ताट घेतलं नाही. स्वतः कणीक मळली, स्वतः लाटली. पहिली पोळी गाईची, कोरडी. दुसऱ्या पोळीवर थेंब. दोन्ही देवाला दाखवून दुसरी आपल्या पोटात. यंत्र रोज तक्रार करी, "वृषाली तगारे यांनी ताट नाकारलं." सोहमचा फोन रोज वाजे. आकडा हलला नाही. हिरवाच राहिला.

तरी सोहमने अंगठा टेकवला नाही. "आणखी थोडे दिवस," तो म्हणे. "खात्री होऊ दे."

एका रविवारी सकाळी तो पेपर वाचत बसला होता. वृषालीताईंनी टिकल्यांच्या पाकिटातून एक नवी काढली, त्याची बाही वर सरकवली आणि पटकन त्याच्या दंडावर दाबली.

"आई! हे काय?"

"घाबरलास? टोचत नाही. बघू तरी तुझं ताट."

"मी रोज दूध पितो. चहा, दही, पनीर. मला काय होणार?"

"मग बसू दे की."

दुसऱ्या दिवशी आंघोळीहून येताना सोहम पायरीवर थांबला. टिकली लाल होती. फोन उघडला तर ड जीवनसत्त्व कमी होतंच, पण खाली बी-ट्वेल्व्हची रेघही. वृषालीताईंपेक्षा किती तरी खाली.

डॉक्टर मुजावरांनी फोनवर ऐकून घेतलं आणि विचारलं, "ॲसिडिटीच्या गोळ्या किती वर्षं घेता?" सोहम आठवू लागला. "हं. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-ट्वेल्व्ह सुटंच होत नाही. दुधात असलं तरी तसंच निघून जातं. थेंबांमधलं आधीच सुटं असतं. थेंब घ्या. तुमच्या आईंकडे बाटली आहे."

मृण्मयी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "आता आईंचा आहारपालक कोण आणि तुझा कोण?"

सोहम हसला नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. वृषालीताई पोळी लाटत होत्या.

"तू माझ्या आमटीत घालू शकली असतीस. मला कळलंही नसतं," तो म्हणाला.

"हो, घालता आलं असतं." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "पण मी तुझ्या अन्नात गुपचूप काही घालणार नाही, सोहम. कधीच. बाटली इथे आहे. घ्यायची तर घे, नको तर नको. काळजी मी बाहेरून करीन."

पोळी फुगली. त्यांनी ती उतरवली, बाजूला ठेवली, गाईची. दुसरी टाकली. सोहमने फोन काढला. मग अंगठा टेकवला. यंत्र म्हणालं, "वृषाली तगारे यांचं ताट त्यांचं स्वतःचं."

"ते होतंच," वृषालीताई यंत्राला म्हणाल्या.

*

वसुबारस आली. गोठ्याचा मांडव मोठा झाला होता, रांगही. वृषालीताई हळद-कुंकवाची कोयरी घेऊन उभ्या राहिल्या. रांगेच्या कडेला सोहम, बाही दुमडलेली, दंडावरची टिकली केशरी. पुढे तीच गाय होती, आणि तिच्या पायाशी गोंडे बांधलेलं तेच गार वासरू. पुढच्या बाईने त्याला कुंकू लावलं, हात जोडले, सरकली.

वृषालीताईंनी गाईचे पाय धुतले. कुंकू लावलं. पानातली कोरडी पोळी सोडून तिच्यापुढे धरली. मग सरळ उभ्या राहिल्या, आणि पुढे सरकल्या नाहीत.

"काकू, वासराला लावा की," व्यवस्थापक म्हणाला.

"हे वासरू नाही," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

आवाज इतका लहान की मागच्या बाईला पुढे वाकावं लागलं. "हे पेंढ्याचं आहे. हिचं खरं वासरू घेऊन या. मग मी पूजा पुरी करते."

"ती वेगळीकडं असत्यात काकू. चला, रांग खोळंबली."

वृषालीताईंनी कोयरीचं झाकण लावलं आणि ती पदराखाली धरली. पाय होते तिथेच. मागच्या बाईने वाकून वासराच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. तिने तिच्या मागच्या बाईला काहीतरी सांगितलं. कुजबुज मांडवाच्या टोकापर्यंत गेली. सनई वाजत राहिली.

"साहेब, तुम्ही तरी सांगा ओ आईंना," व्यवस्थापक सोहमला म्हणाला. "किती वेळ थांबणार असं?"

सोहमने आईकडे बघितलं. मग तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"ती नाही हलणार," तो म्हणाला. "मला माहीत आहे. वासरू आणा."